फाटक जसं सापडेल तसं

आल्देज रँकूरच्या शेतावर उन्हाळ्यात मुलांचं शिबिर भरायला लागलं, त्याला त्या वर्षी सत्तावीस वर्षं झाली होती. सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते दुपारी तीन, दर आठवड्याला नवी अकरा मुलं. अकराच का, तर त्याच्या बायकोच्या, सिमोनच्या, स्वयंपाकघरातल्या बाकांवर तेवढीच मावत. सिमोन जाऊन सहा वर्षं झाली, तरी आकडा तोच राहिला.

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या त्या वरच्या भागात दूधदुभत्याची शेतं एकामागून एक बंद पडली. आल्देजचं टिकलं ते मुलगी लिझेतमुळे. गोठा तीच बघायची, शिबिरही तीच चालवायची. पण मुलं यायची ती आल्देजसाठी. त्याला सगळी ‘पेपेर’ म्हणत. तिकडच्या फ्रेंच घरांतून आजोबांना तसंच म्हणतात. चौऱ्याहत्तर वर्षांचा, एका गुडघ्यानं अधू, डोक्यावर बारमाही एकच टोपी. शहरातली मुलं पहिल्या दिवशी शेणाच्या वासानं नाक मुरडत, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या मांडीला टेकून बाबेत गाईची धार काढत. बाबेत ही अकरा वर्षांची जर्सी गाय. किती नवशिक्या बोटांनी तिचं आचळ ओढलं असेल, पण तिनं एकदाही लाथ उगारली नाही.

सोमवारी सकाळी आल्देज मुलांना ओळीत उभं करी आणि शेताचा पहिला नियम म्हणून घेई.

“फाटक कसं ठेवायचं?”

“जसं सापडेल तसं!” अकरा गळे ओरडत.

“उघडं सापडलं तर?”

“उघडं!”

“बंद सापडलं तर?”

“बंद!”

“आणि माझं तोंड उघडं सापडलं तर?”

“त्यात बिस्किट घालायचं!” हे मात्र सिमोननं सुरू केलेलं होतं. दरवर्षी परत येणारी मुलं नव्यांना सांगत आली होती.

हा नियम त्या डोंगराळ भागात सगळेच पाळतात. फाटक उघडं असेल तर मालकानं काही हेतूनं ठेवलं असणार, परक्यानं त्यात हात घालू नये. फाटकं बघायचं काम रोज एका मुलाकडे असे. रांगेत सर्वांत शेवटी चालायचं, गळ्यात लाल रुमाल बांधायचा. त्याला ‘शेपूट’ म्हणत. शेपूट होण्यासाठी मुलं भांडत.

त्या वसंतात दोन गोष्टी घडल्या होत्या. मार्चमध्ये आल्देज दुधाच्या टाकीचा नळ उघडा टाकून नाश्त्याला गेला, आणि सकाळचं सगळं दूध मोरीतून वाहून गेलं. एप्रिलमध्ये रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर तो शेजारच्या विल्फ लामूरूच्या गाडीत जाऊन बसला आणि किल्ली लागत नाही म्हणून कुरकुरू लागला. विल्फ म्हणाला, “आल्देज, तुला माझी गाडी आवडली असेल तर ने बाबा, पण बायको माझी आहे, तिला उतरू दे.” दोघंही हसले. लिझेत हसली नाही. त्याच संध्याकाळी ती बापाला म्हणाली,

“पापा, गाई राहू देत. पण मुलं लोकांची आहेत. आणखी एकदा असं झालं, तर शिबिरात तुम्ही नाही.”

“मग मी उन्हाळाभर काय करू? खिडकीत कुंडीसारखा बसू?”

“मी सांगितलं ते लक्षात ठेवा म्हणजे झालं.”

“तेवढं राहील लक्षात,” तो म्हणाला. आणि ते राहिलंही.

सोळा जुलैला, मंगळवारी, सकाळी दाट धुकं होतं. गवत दवानं निथळत होतं. शेपटाचा मान मार्नी नावाच्या सात वर्षांच्या मुलीला मिळाला. समोरचे दोन दात पडलेली, फार न बोलणारी मुलगी. रुमाल तिच्या कमरेपर्यंत लोंबत होता. साडेनऊला मुलांनी बाबेत आणि दोन कालवडी कुरणात सोडल्या. गुडघ्यामुळे आल्देज खालच्या फाटकाशीच थांबला. कुरणाच्या वरच्या कोपऱ्यात आणखी एक फाटक होतं. त्याच्यापलीकडे लसूणघास, कापणीसाठी राखलेला. ते फाटक खालून धुक्यात दिसत नव्हतं. मार्नी कुंपणाच्या कडेनं वर गेली आणि धावत परत आली.

“सगळं जसं होतं तसं?” आल्देजनं विचारलं.

“जसं होतं तसं, पेपेर.”

“शाबास, शेपूट.”

साडेअकराला मुलं गाईंना पाणी दाखवायला गेली, तेव्हा बाबेत लसूणघासात आडवी पडलेली होती. दवानं भिजलेला लसूणघास गाईनं उपाशीपोटी ओरबाडला की पोटात वारा कोंडून काय होतं, ते गाई पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही. डावी कूस फुगून पाठीच्या वर आली होती, जीभ बाहेर. आल्देज लंगडत वर पोचला तेव्हा लिझेत गोठ्यातून टोकदार पोकळ नळी घेऊन धावत येत होती. ती नळी कुशीत खुपसली, वारा सुटला, पण गाय तोवर गेलेली होती. कालवडी कडेकडेनंच चरल्या होत्या, म्हणून वाचल्या. मुलं रडत होती. एक मुलगा बाबेतच्या कानाला हात लावून म्हणत होता, “ऊठ ना, ऊठ ना.”

आल्देजनं मान वर केली.

“हे फाटक कुणी उघडलं?”

मग मार्नी म्हणाली, “ते उघडंच होतं, पेपेर.”

“ते फाटक कधीच उघडं नसतं,” आल्देज म्हणाला.

एवढंच. आवाजही चढवला नव्हता. पण दहा मुलांनी मार्नीकडे पाहिलं. मार्नीनं रुमालाची गाठ सोडली, रुमालाची घडी घातली आणि तो फाटकाच्या खांबावर ठेवला.

संध्याकाळी लिझेतनं विचारलं, “पापा, सकाळी तुम्ही वर गेला होतात का?”

“मी? या गुडघ्यानं? नाही.”

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या मनात त्या पहाटेचं काही नव्हतंच.

बुधवारी दहाच मुलं आली. मार्नीच्या आईनं फोनवर सांगितलं, ती काही खात नाही, येणार नाही म्हणते. आल्देजला वाईट वाटलं. लहान पोर, चुकलं असेल, तिला कुणीतरी समजावायला हवं, असं तो लिझेतपाशी म्हणालाही.

धार आटोपल्यावर तो दुधाच्या खोलीत गेला. तिथं भिंतीवर चारा विकणाऱ्यांनी दिलेलं कॅलेंडर होतं, आणि त्याला दोरीनं बांधलेली पेन्सिल. गाय व्याली, गाय मेली, गवत कापलं, सगळं त्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहायची शिस्त सिमोनची. तिच्यामागे ती त्यानं एक दिवसही मोडली नव्हती. बाबेतची नोंद राहिली होती. त्यानं चष्मा लावला, मंगळवारची चौकट शोधली, आणि पेन्सिल टेकवणार तोच दिसलं की चौकटीत आधीच काही लिहिलेलं आहे.

‘६.१०. विल्फला ट्रॅक्टरला जोडून गवताचं दाताळं न्यायचंय. लसूणघासाचं फाटक उघडलं. तो त्यातून मागच्या रस्त्यानं जाईल. बंद करणे.’

अक्षर त्याचंच होतं. सहाचं शेपूट डावीकडे वळवायची खोड त्याचीच. त्यानं ते तीनदा वाचलं. गुडघा दुखल्याचं, धुकं चेहऱ्याला लागल्याचं, विल्फनं हात केल्याचं काही तरी आठवावं म्हणून त्यानं डोळे मिटले. काहीच आलं नाही. दुसऱ्याच कुणी आल्देजनं त्याचे जोडे घालून जाऊन यावं, तसं.

पेन्सिलीच्या मागच्या टोकाला रबर होतं. खोलीत कुणी नव्हतं. ‘बंद करणे’ एवढे दोन शब्द त्यानं खोडलेदेखील. मग बाहेरून मुलांचा आवाज आला. लिझेत त्यांच्याकडून नियम म्हणवून घेत होती आणि मुलं नेहमीसारखी ओरडत नव्हती. आल्देजनं रबराचा चुरा फुंकून टाकला आणि खोडलेले शब्द पुन्हा लिहिले. त्याखाली लिहिलं, ‘बाबेत गेली.’

शनिवारी चर्चमध्ये पापकबुलीला फादरच्या जाळीआड बसून तो हे सांगू शकला असता. जन्मभर सांगत आला होता. पण ‘ते फाटक कधीच उघडं नसतं’ हे वाक्य तो जाळीआड बोलला नव्हता, मुलांसमोर बोलला होता.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं लिझेतला कॅलेंडरपाशी नेलं. तिनं वाचलं.

“खोडून टाकायचं होतंत ना, पापा,” ती म्हणाली.

“खोडलं होतं थोडं.”

“मग?”

“त्या पोरीला फोन कर. उद्या तिला आणा म्हणावं. मग तू म्हणाली होतीस तसं.”

“मी काय म्हणाले होते?”

“तेवढं राहिलंय लक्षात, लिझेत.”

तिनं त्याच्या टोपीवरचं गवत झटकलं आणि त्याच हातानं डोळे पुसले. “हा आठवडा पुरा करा,” ती म्हणाली. “शुक्रवारपर्यंत मी तुमच्याबरोबर राहीन.”

गुरुवारी मार्नी आली. आईच्या मागे लपून, गाडीचं दार धरून. आल्देजनं अकराही मुलांना ओळीत उभं केलं आणि टोपी काढली. ती काढलेली कुणी पाहिली नव्हती. टोपीखालचं कपाळ अंड्यासारखं पांढरं होतं.

“फाटक मी उघडलं होतं,” तो म्हणाला. “सकाळी सहाला. बंद करायला विसरलो, आणि विसरलो हेही विसरलो. मार्नी खरं बोलत होती. बाबेत माझ्यामुळे गेली. मार्नी, मला माफ कर.”

मार्नीनं विचार केला.

“मग मी नियम बरोबर पाळला?”

“शेतावर तूच एकटीनं बरोबर पाळलास.”

“बरं,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “पेपेर, टोपी घाला. ऊन लागेल.”

त्या दिवशी ती पोटभर जेवली. मॅपलच्या पाकात बुडवलेले पावाचे दोन तुकडे जास्तीचे घेतले. लाल रुमाल तिच्या गळ्यात परत गेला, आणि त्यावर कुणी भांडलं नाही.

शुक्रवार, एकोणीस जुलै. आकाश स्वच्छ. आल्देजचा शिबिरातला शेवटचा दिवस. त्याला ठाऊक होतं, लिझेतला ठाऊक होतं, मुलांना नव्हतं. नऊ वाजता मार्नी गाडीतून उतरली तसा तो लंगडत पुढे गेला. त्यानं टोपी काढली.

“मार्नी,” तो म्हणाला, “तुला एक सांगायचंय. परवापासून सांगेन म्हणतोय. ते फाटक मी उघडलं होतं.”

मागून एक मुलगा ओरडला, “पेपेर, हे तर काल...”

मार्नीनं वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. मग ती आल्देजकडे वळली, हात पाठीमागे बांधून, आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली. सकाळचे सहा, विल्फ, दाताळं, कॅलेंडर. तो सांगत होता तसा त्याचा आवाज काल जिथं फाटला होता तिथंच फाटला. दुधाच्या खोलीच्या दारात लिझेत बादली हातात घेऊन उभी होती. ती बादली तिनं खाली ठेवली नाही.

“मला माफ कर,” आल्देज म्हणाला.

“मग मी नियम बरोबर पाळला?” मार्नीनं विचारलं.

“शेतावर तूच एकटीनं बरोबर पाळलास.”

“बरं,” ती म्हणाली. “टोपी घाला आता.”

पुढच्या सोमवारी नवी अकरा मुलं आली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी आल्देज कॉफी घेऊन बसला होता. गोठ्याकडून लिझेतचा आवाज आला. “फाटक कसं ठेवायचं?” आणि मग, “आणि काही वेगळं दिसलं, तर मला येऊन सांगायचं.”

“हे नवीनच,” आल्देज स्वतःशी म्हणाला. “नियम तसा नाही.”

तो उठला, टोपी घातली आणि दुरुस्त करायला निघाला. अंगण ओलांडून गोठ्याच्या वाटेवरच्या लहान फाटकापर्यंत गेला. एरवी उन्हाळाभर ते उघडंच असे. आज बंद होतं, कडी लावलेली. त्यानं कडीवर हात ठेवला. पलीकडे मुलं ओरडत होती, “बंद सापडलं तर, बंद!”

मग त्यानं कडीवरचा हात काढला, फाटक जसं होतं तसं ठेवलं, आणि घरात परत आला.