पायरीखालचं पाणी

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. सांगायला बसलो की दरवेळी जीभ दुसरीकडेच वळते — हवापाणी, गुडघे, भाजीचे भाव. आज भाजीपासूनच सुरुवात करतो, म्हणजे पळायला वाट राहणार नाही.

नवं शतक लागून चार-दोन वर्षं झाली असतील. काशिमिऱ्याची आमची कंपनी बंद पडली आणि मी राई गावाला, आमच्या वाडीत परतलो. वाडी ती केवढी? निम्मी माझी, निम्मी हिरावहिनीची — चुलतभाऊ वारल्यापासून ती एकटीच कसत होती. विहीर मात्र दोघांत एक.

खाडीकाठची विहीर. वरचं पाणी गोडं, खालचं खारं. म्हणून नियम आजोबांच्या वेळचा — सकाळी उपसायचं, आतली दगडी पायरी उघडी पडली की थांबायचं. पायरीच्या खाली गेलात की खाडी आत आलीच समजा. वहिनी म्हणायची, "दुपारची विहीर निजलेली हाय, तिला उठवायचं न्हाय."

आणि मी? कंपनीत हिशेब शिकून आलेला शहाणा. एवढ्याशा तुकड्यात हिवाळी भाजी परवडणार कधी? मेथी-मुळा दोनदा काढला तर बियाणं-खत जेमतेम सुटतं. तिसऱ्यांदा काढला तरच घर चालतं. गिऱ्हाईक भरपूर होतं, नव्या बिल्डिंगींतल्या बायका कोवळी मेथी हातोहात न्यायच्या. पाणी तेवढं नव्हतं. घरात तांदळाचा डबा उघडला की बायको आधी आत बघायची, मग माझ्याकडे. मला रात्रंदिवस तेवढंच दिसायचं. भीतीनं माणूस आंधळा होतो म्हणतात — मी झालो नव्हतो. मला सगळं दिसत होतं.

वहिनी दुपारी भाईंदर पश्चिमेच्या बाजारात जाऊन बसायची. माझी भाजीसुद्धा तीच न्यायची, स्वतःच्या टोपलीत, स्वतःच्या डोक्यावर. आणि ती वळणाआड गेली की — सांगतो, थांबा जरा — ती गेली की मी मोटर लावायचो. पायरी उघडी पडायची. मी काठावर उभा राहून बघायचो आणि मोटर चालूच ठेवायचो. ती परतेपर्यंत पायरी पुन्हा पाण्याखाली गेलेली असायची. अख्खा मार्गशीर्ष असाच काढला मी.

पौषात माझ्या मेथीच्या कडा करपल्या. मग तिच्या वांग्यांची फुलं गळायला लागली. त्या वांग्यांवर तिचं वर्ष निघायचं. तिनं ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि खारट म्हणून थुंकून टाकलं. गावानं नव्या बिल्डिंगींच्या बिल्डरला, त्याच्या बोअरवेलला शिव्या घातल्या, मीही घातल्या. तेवढ्यावर भागलं असतं तर आज हे बोललोही नसतो कदाचित.

संध्याकाळी ती माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तरी उभीच.

"भावोजी, मीच केलंय ते," म्हणाली. "ऊन लागतंय म्हनून बाजारला निघताना दोन हंडे वांग्यांना घालायची मी. दुपारचं. तुझी पन भाजी गेली माझ्यापायी."

दोन हंडे! तिकडे माझी मोटर तासन्‌तास — आणि ही दोन हंड्यांची कबुली द्यायला आलेली. किती शब्द लागले असते मला? तोंड उघडलंही होतं मी. पण बायको मागे उभी होती, ऐकत होती.

मी म्हणालो, "असेल, वहिनी."

तिनं माझ्यापुढे हात जोडले. वयानं, मानानं मोठी माझ्याहून. मी ते जोडू दिले.

पुढच्या वर्षी तिनं तिची जमीन विकून टाकली, पहिल्या गिऱ्हाइकानं जो भाव सांगितला त्यालाच. माझी मी भाव चढेपर्यंत धरून ठेवली. आता तिथं बिल्डिंग आहे. तिसऱ्या मजल्यावर माझं घर आहे आणि पहिल्या मजल्यावर दोन घरची धुणीभांडी ती करते.

जिन्यात भेटलो की ती अजून मान खाली घालते, बाजूला होते, मला वाट देते.

मी वर निघून जातो.