बाणसरांचा चौथा गोल

आमच्या मलकापूरच्या कॉलेजात समाजशास्त्राच्या सरांनी फळ्यावर सरळ वाक्य लिहिलेलं कुणी बघितलं नाही. एका गोलात कारण, दुसऱ्यात परिणाम, मध्ये बाण. हुंडा, बेकारी, मतदान, सगळं गोलात. म्हणून ते बाणसर.

बाण काढला की सर मागं सरायचे, खडू कानाला लावायचे आणि विचारायचे, "पर दोघांचा बाप एकच न्हाई ना?" मग उदाहरण द्यायचे. "जतला जिथं टँकर जास्त, तिथं पोरी शाळा जास्त सोडत्यात. मग टँकरनं पोरी पळवल्या व्हय? आरं, दोन्हीचा बाप दुष्काळ! टँकर बंद केला तर हाय त्या पोरीबी जातील."

हे सगळं मी कँटीनमध्ये हुबेहूब करून दाखवायचो. एकदा मागून आवाज आला, "खडू डाव्या कानाला रं गड्या." सरच!

नंतर मी त्यांच्याच विषयात नापास झालो. आमचे आबा फौजेतून रिटायर झालेले. तडक कॉलेजात आले. "सर, ह्याचा दाखला द्या. नकला करून नापास होतोय. उद्यापास्नं उसाला पाणी पाजंल."

सरांनी दोन गोल काढले. नकला, नापास. मध्ये बाण. मागं सरले. "पर दोघांचा बाप..."

"बाप मी हाय!" आबा गरजले.

सरांनी निवांत वर तिसरा गोल काढला. कंटाळा. तिथून दोन बाण खाली सोडले. "तासाला कंटाळतो म्हणून नकला, कंटाळतो म्हणूनच नापास. नकला थांबवल्या तरी कंटाळा हाय तिथंच." आणि मधला बाण पुसला. "बाण काढाय काय, कुणीबी काढतंय. पुसायला दम लागतो."

"आन् कंटाळा कशानं?" आबांनी विचारलं.

सरांनी चौथा गोल काढून आत लिहिलं, 'मी'.

आबा म्हणाले, "चूक माझी म्हणणारा साहेब आमच्या पलटणीत कवा बघितला न्हाई." दाखला काढायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी सर मागच्या बाकावर बसले. "आजपास्नं धडा तू शिकवायचा. माझ्या आवाजात." शिकवायचं तर आधी वाचावं लागतं, हा डाव मला लय उशिरा कळला.

मी पास झालो आणि सरांची सांगलीला बदली झाली. स्टँडवर आबा कंदी पेढे घेऊन हजर. "सर, तुमच्यामुळं पोरगं पास झालं."

गाडी सुटायला आली तरी सर खिडकीतून ऐकेनात. "आवं, असं कसं ठरवायचं? धडा शिकवाय दिला नसता तर काय झालं असतं, हे बघायला अगदी अस्साच आजून एक पोरगा पायजे."

आबांनी घाईघाईनं बॉक्स आत कोंबला. "नगं सर! ह्यो एकच लय झाला!"