कोचीला जायचं, पण बबीचं काय

आराम या शब्दाने माझं डोकं उठवलंय, ते आधी ऐका. नमस्कार मागाहून घालते.

आमच्या नवीन पनवेलच्या घरात दिवाळीपासून एकच विषय चालू आहे... कोचीला जायचं. मुलगा निलेश, सून सुवर्णा आणि नात रिया, रोज जेवण झालं की तिघंही मोबाईल घेऊन बसतात. मी विचारलं, तिथे बघायचं काय? निलेश म्हणतो, "काही बघायचं नाही आई. काही करायचं पण नाही. फक्त रिलॅक्स."

आता काही करायचं नाही, हे ठरवायला इतके दिवस लागतात होय? या खोलीतून पाणी दिसतं, त्या खोलीतून नुसती झाडं, यावरून नवरा-बायकोत अबोला झाला. मी चौथीपर्यंत शिकले... आरामासाठी भांडायचं असतं हा धडा पाचवीत असेल.

रियाने फोटो दाखवले. नारळ, खाडी, होडी, चिखल. मी म्हटलं, अगं हे तर आपलं गाव. ती म्हणाली, "आजी, तिथे खाडीसमोर खुर्ची असते."

हे मात्र खरं. उरणकडच्या मिठागरात मी अर्धं आयुष्य मीठ ओढलं, पण त्या पाण्यासमोर खुर्ची टाकावी असं आमच्यात कोणाच्या डोक्यात आलं नाही. आता ती खुर्ची मिळणार आहे, पण तिच्यात बसून पाण्याकडे किती वेळ बघायचं असतं? कोणी नीट सांगत नाही... सगळे हसतात.

विमानाची भीती नाही. विमानतळ होताना त्याची धूळ आम्हीच खाल्ली, आता आत बसायला काय जातंय. मी सुके बोंबील बांधून ठेवले होते, ते सुवर्णाने बॅगेतून काढले. मी परत ठेवलेत, तिला अजून दिसले नाहीत. आपल्या ग्रुपवर ही पोस्ट वाचली की दिसतील.

तर परवा घोळ झाला. माझी धाकटी बहीण बबी, तिच्या नातवाचं लग्न ठरलं. हळद शनिवारी, लग्न रविवारी संध्याकाळी. आणि आम्ही कोचीहून परत येणार रविवारी दुपारी. निलेशची रजा आणि रियाची परीक्षा, यांच्यामध्ये दुसरे दिवस बसतच नाहीत.

मी म्हटलं, तुम्ही तिघं जा, मी हळदीला थांबते. आमच्यात लग्न चुकलं तर एक वेळ चालतं, हळद चुकली तर नातवंडांपर्यंत ऐकावं लागतं. वाटलं, सगळे खूश होतील. निलेश झालाही... लगेच म्हणाला, एक तिकीट रद्द होतं का बघतो. सुवर्णाने मात्र फोन पालथा ठेवला. "मग मी पण नाही जात."

मला काही कळेना. माझ्यासाठी अडून बसेल अशी ही बाई नव्हे, आणि बसावं अशी मी पण नव्हे.

सकाळी ती कोळंबी सोलत होती, तिथे जाऊन बसले. विचारलं, "माझ्याशिवाय करमणार नाही का तुला?"

"तसं काही नाही, आई." खोटं बोलत नाही, एवढं आहे तिचं. मग म्हणाली, "तुम्ही हळदीत बसणार. बायका विचारणार, सून कुठे गो? सासू इथे आणि सून समुद्रावर आराम करते... मे महिन्यापर्यंत प्रत्येक मांडवात मला हेच ऐकायचंय."

मी म्हटलं, "मी काही बोलणार नाही."

"तुम्ही नाही बोलणार. तुमचा चेहरा बोलतो."

आता चेहऱ्याला मी काय करू... पण तेव्हा उजेड पडला. मला माणूस म्हणून नाही, पास म्हणून नेतायत. सासू सोबत असली की सुनेला कोणी अडवत नाही. वाईट वाटलं नाही, या वयात कामाला तरी येतेय.

आणि निलेशला कोणी विचारणार नाही, बरं का. तो गेला तर बिचाऱ्याने कामातून वेळ काढला. सुवर्णा ऑफिस करते, डबे करते, आणि कोणाचंही लग्न असो, भाकऱ्या थापायला पहिली हीच बसलेली असते. तिला चार दिवस कोणी खुर्ची दिली तर कोणाचं काय जातं?

म्हणून मी बबीला फोन केला. हळदीला येत नाही, थेट लग्नाला येते म्हटलं.

"तू नाय आलीस त माजे बाजूला कोन बसल गो?"

"गावभर बाया हायेत."

"त्या बाया हायेत. तू भैन हायेस." आणि फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही. इकडे सुवर्णा म्हणते, उद्या संध्याकाळपर्यंत मावशींचा होकार आला नाही तर चारही तिकिटं रद्द करते.

आता सगळ्यांना नमस्कार.

मी कोचीला जाते म्हटलंय ते माझ्या मर्जीने. सुनेने ओढून नेलेलं नाही. तिथे बसून नक्की काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही, पण रविवारी संध्याकाळी मांडवात बबीच्या बाजूची खुर्ची माझी, तिच्यावर दुसऱ्या कोणी बसू नये.

बबी, नवऱ्यामुलाची आजी तू आहेस. तू 'जा' म्हणालीस की हळदीत कोणाला सुवर्णाच्या नावाने तोंड उघडता येणार नाही.

बबीच्या सुनेने हे तिला मोठ्याने वाचून दाखवायचं, मधलं काही गाळायचं नाही. उत्तर फक्त बबीने द्यायचं, उद्या दुपारच्या आत, इथेच, सगळ्यांना दिसेल असं. बाकीच्यांनी हात जोडलेली चित्रं टाकून गर्दी करू नये.