बिनविरोध नाही

निवडणूक आली की सुरतेच्या उधन्यात पुष्पाबाईच्या गल्लीच्या तोंडाशी लक्झरी बस उभी राहायची. आमदारकी असो की खासदारकी, धुळ्याकडच्या तालुक्यातून गाडी हमखास येणार. गल्लीतल्या निम्म्या लोकांची मतं अजून गावाकडेच होती. गाडीत नाश्त्याची पाकिटं वाटली जायची, माणसं जायची, बटण दाबायची आणि पुन्हा कापडाच्या लूम्सच्या कारखान्यात हजर व्हायची.

तालुक्याचं राजकारण पुष्पाबाई तिथल्या सोनदरी गावात सून म्हणून आली तेव्हापासून बघत होती. आधी एकच घर, एकच झेंडा. मग त्या घरातले दोघे भाऊ फुटले. साखर कारखाना एकाकडे गेला, दूध संघ दुसऱ्याकडे. पुढे कारखाना बंद पडला आणि दोघे भाऊ तिसऱ्याच पक्षात जाऊन एका मंचावर बसले. मतदार तेच, लक्झऱ्याही त्याच.

सोनदरीच्या सरपंचासाठी मात्र कधीच गाडी आली नाही. ते नाव गावचे पुढारी योगराजआप्पा यांच्या ओसरीवर ठरायचं. बाकीच्यांनी अर्ज भरायचे नाहीत, एवढाच नियम. गावाच्या वेशीवर ‘बिनविरोध ग्रामपंचायत’ असा मोठा फलक होता.

यंदा सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. आप्पा उधन्यात एका हळदीला आले, तेव्हा सोनदरीची सगळी मंडळी भोवती जमली.

“आमच्या बायकोचं, जयश्रीचं नाव ठरलंय,” आप्पा म्हणाले. “पुन्हा बिनविरोध. तुम्हाला यायची तसदीच नाही.”

साड्यांना लेस लावून बोटांना घट्टे पडलेली पुष्पाबाई पुढे आली. “आप्पा, आमदाराला मत दिलं, खासदाराला दिलं. माझ्या गावच्या सरपंचाला एकदाही दिलं नाही. यंदा द्यायचंय.”

आप्पा हसले. “द्या की! पण जयश्रीच्या विरोधात उभं कोण राहणार?”

“मी.”

घरी आल्यावर नवरा राघो कपाळावर हात मारून म्हणाला, “येडी व्हयनी का तू?” दोनच दिवसांत ती गावाला गेली आणि तहसीलला अर्ज भरून मोकळी झाली.

त्याचा फटका तिच्या दिराला बसला. वाल्मिक गावात शेती करायचा, दोन म्हशींचं दूध डेअरीला घालायचा. अर्ज भरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचं दूध परत आलं. डेअरी आप्पांच्या पुतण्याची. तिसऱ्या दिवशीही कॅन तसाच परत आला, तेव्हा वाल्मिकने तो अंगणात पुष्पाबाईसमोर आणून ठेवला.

“वहिनी, तुम्ही परत सुरतले जाशात,” तो म्हणाला. “आम्हले आठेच ऱ्हावानं शे.”

त्याचं म्हणणं खरं होतं; त्यांना इथेच राहायचं होतं. अर्ज मागे घ्यावा असं पहिल्यांदा तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात वाल्मिकची बायको शोभाबाई आतून आली. तिने कॅन उचलला आणि चुलीवरच्या कढईत पालथा केला.

“खवा करसूत, बाजारमा इकसूत,” ती नवऱ्याला म्हणाली. “वहिनीना फारम ऱ्हावू द्या.”

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी आप्पा स्वतः तहसीलला आले. कागद पुढे धरून मऊ आवाजात म्हणाले, “सही करा. वाल्मिकला उपसरपंच करतो.”

“त्याला करायचं तर गाव करील,” पुष्पाबाई म्हणाली आणि वेळ संपेपर्यंत त्यांच्यासमोरच बाकावर बसून राहिली.

तिला शिलाई मशीन हे चिन्ह मिळालं. दोघी जावा दारोदार फिरल्या. पुढच्या दाराने लोक पत्रक घ्यायला भीत. मागच्या दाराने बायका पाणी विचारत, हळूच सांगत, “जा तुम्ही, आमचं ठरलंय.”

मतदानाला उधन्याहून लक्झरी आली नाही. गल्लीतली माणसं आपापली तिकिटं काढून रेल्वेने आली. सगळ्यात पुढे राघो होता. शाळेबाहेर रांग लागली. काठी टेकत आलेल्या दगाबाबांनी पोलिसाला तीनदा विचारलं, “हे सरपंचासाठीच ना?” बोटावरची शाई वाळली तरी ते ती बघत पारावर बसून होते.

पुष्पाबाई हरली. थोडक्यात, पण हरली. गुलालाची मिरवणूक मुद्दाम तिच्या दाराशी थांबली, ढोल वाजत राहिले. ती आत गेली नाही. उंबऱ्यात उभी राहिली.

आप्पांनी विचारलं, “झालं समाधान?”

“नाही. ग्रामसभा कधी घेताय?”

आजवर ग्रामसभा कागदावरच व्हायची, शिपाई घरोघरी सह्या घ्यायचा. यंदा सभेची दवंडी पिटवावी लागली, कारण तालुक्याला पुष्पाबाईचा तक्रारअर्ज पोचला होता. सभेला ती उधन्याहून आली. पारासमोर सरपंचाच्या खुर्चीत आप्पा बसले होते. जयश्री डोक्यावर पदर घेऊन मागे, बायकांत.

पुष्पाबाई उभी राहिली. “आप्पा, तुम्ही कधी निवडून आलात?”

कोणीतरी फिसकन हसलं. आप्पांचा चेहरा लाल झाला.

“मी हरले, ते जयश्रीवहिनींकडून,” ती म्हणाली. “गावाने त्यांना मत दिलंय. वहिनी, या, बसा.”

सगळं गाव जयश्रीकडे बघू लागलं. ती उठली, पुढे आली आणि नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. तिथून हलली नाही. शेवटी आप्पांनाच उठावं लागलं.

जयश्री खुर्चीत बसली. ग्रामसेवकाकडे वळून तिने घसा खाकरला आणि विचारलं, “पहिला विषय काय आहे?”