पाहून द्यायची वस्तू

जाहिरात मी लिहिली आणि तिची शेवटची ओळ आजोबांनी खोडली. ओळ साधीच होती: 'आयर्लंडमध्ये कुठेही पार्सलने पाठवू.' बाकीचा मजकूर त्यांनी चष्मा सरकवत दोनदा वाचला, मान डोलावली, आणि त्या ओळीवर मात्र पेन्सिलीने एक थरथरती रेघ ओढली.

"का पण? लोक आधी तेच विचारतात," मी म्हणाले.

"विचारू देत. ज्याला बंदूक हवी आहे त्यानं इथे यावं. त्याला बघितल्याशिवाय मी ती देणार नाही."

मला तो निव्वळ म्हातारपणचा हट्ट वाटला. पार्सल पाठवणं या विषयातलं मला सगळं कळतं, असा माझा तेव्हा समज होता. मंदीची वर्षं होती, साधारण दोन हजार अकरा. आम्ही लिमरिकच्या बाहेर राहत होतो. घराच्या पुढे नवी वसाहत आणि मागे गाईंची कुरणं. नवरा मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात इंजिनियर आणि मी त्याच्या व्हिसावर आलेली, एम.एस्सी. होऊन घरी बसलेली, कारण मला नोकरीची परवानगी नव्हती. मुलीचे लहान झालेले कपडे इंटरनेटवर विकता विकता मी ओळखीपाळखीच्या सगळ्यांच्याच वस्तू विकून द्यायला लागले. डब्लिनच्या ओंगारमधल्या मराठी बायका मला फोन करून विचारायच्या की काचेची भांडी कशी गुंडाळू. माझं पार्सल हलवलं तर आत खुट्ट वाजत नसे. शिवाय आईची शिकवण अशी की दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये. ती मी पार्सलांनाही लावली होती. मूठभर चिवडा नाहीतर चार शंकरपाळ्या आत टाकल्याशिवाय माझ्या घरून खोकं बाहेर पडत नसे.

माझी ती पोस्टापर्यंतची ये-जा बघूनच शेजारचे आजोबा माझ्याकडे आले होते. आमच्या मागची कुरणं एके काळी त्यांचीच होती. पंचाहत्तरीचे, बायको गेलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. हाताला कंप सुटला होता आणि डॉक्टरांनी त्याला नावही दिलं होतं. या हातांनी आता बंदूक धरायची नाही, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. घरात एक दुनळी होती. परवान्याची मुदत संपायच्या आत ती चांगल्या माणसाच्या हातात आपण स्वतः द्यायची, एवढं एकच काम त्यांना उरकायचं होतं. मुदत टळली तर बंदूक गार्डांकडे, म्हणजे तिथल्या पोलिसांकडे जमा करावी लागणार होती, आणि मग तिचं बहुतेक भंगार होणार होतं.

ती बंदूक ते ठेवायचे कशी, ते बघून मी थक्क झाले होते. तिचे तीन भाग करायचे आणि तीन ठिकाणी कुलपात ठेवायचे. नळ्या झोपायच्या खोलीत, लाकडी दस्ता माळ्यावर, आणि नळ्यांच्या खाली हात धरायला असतो तो वीतभर लाकडी तुकडा स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये. कपाटाला तिकडे प्रेस म्हणतात. एका बंदुकीला तीन खोल्या, अशी मी घरी येऊन नवऱ्याकडे थट्टाही केली.

जाहिरात बघून मेयोहून एका बाईंचा फोन आला. मेंढ्या पाळणाऱ्या होत्या, कोल्हे कोकरं नेत होते. त्या म्हणाल्या, याच बंदुकीच्या नंबरावर परवान्याचा अर्ज करते, मिळायला दोनेक महिने लागतील, परवाना हातात आला की स्वतः येते. आजोबांना त्या पसंत पडल्या. मला मात्र दोन महिने थांबणं जड झालं.

"बंदूक राहू दे," मी म्हटलं. "पण तिची चामडी पेटी, पट्टा, नळी साफ करायची दांडी, हे तरी पुढे पाठवू या? तेवढंच अर्धं काम होईल."

आजोबांनी बराच विचार केला. "चामड्याला काही परवाना लागत नाही," ते शेवटी म्हणाले. "ग्रँड. पाठव."

दुसऱ्या दिवशी मी सामान आणायला गेले. आजोबांनी प्रेस उघडून मागचे ब्रश काढले, त्यासाठी पुढचं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं, आणि तेवढ्यात ऑस्ट्रेलियाहून मुलीचा फोन आला. ते बाहेरच्या खोलीत गेले. मी पेटी उघडली. आत मखमल लावलेली आणि प्रत्येक वस्तूच्या आकाराच्या खाचा. दांडी तिच्या खाचेत बसली, ब्रश ब्रशाच्या. बाकी पेटी रिकामी. माझ्याच्याने ते बघवेना. एवढी देखणी पेटी आणि ती अशी ओकीबोकी पाठवायची? टेबलावरचं फडकं सोडलं तर आत तोच पॉलिश केलेला लाकडी तुकडा होता; नुसतं लाकूड, बंदूक थोडीच, असं मला वाटलं. एका खाचेत तो असा चपखल बसला की मी स्वतःवरच खूश झाले. मुठीएवढी चिवड्याची पिशवी उरलेल्या जागेत दाबली, पेटी मिटली, आणि आजोबांना हात करून निघाले. ते फोनवर हसत होते. अर्ध्या तासात पार्सल पोस्टात.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबा दारात उभे राहिले. टोपी हातात. एरवी ते मागच्या कुंपणावरून हाक मारत.

"प्रेसमध्ये एक लाकूड होतं. फडक्यात."

"हो, मीच ते त्याच्या जागी बसवलं!" मी कौतुकाने सांगितलं. "अगदी फिट्ट बसलं."

मग त्यांनी मला हळू आवाजात समजावलं, रागावले नाहीत. कायद्याच्या लेखी बंदुकीचा सुटा भाग म्हणजेही बंदूक. परवाना हातात नसलेल्या बाईंच्या घरी ती पोस्टाने गेली होती. त्या बाई अडचणीत आल्या होत्या, आजोबा आले होते, आणि पाठवणारी म्हणून पार्सलावर माझं नाव होतं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. इमिग्रेशनचा शिक्का दर वर्षी मिळायचा तो गार्डांच्याच कचेरीत. नवऱ्याला कामावर फोन केला तर तो म्हणाला, "अगं, गप्प बस ना! लाकडाचा तुकडा आहे तो. त्या बाई ठेवतील, दोन महिन्यांनी बंदुकीला लावतील. कोणाला कळणारे? आपला स्टॅम्प रिन्यू व्हायचाय पुढच्या महिन्यात, लक्षात आहे ना?"

आजोबा पायरीवरच उभे होते. त्यांना मराठीतलं अक्षर कळलं नसेल, पण माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असावं. "तू घरीच थांब," ते म्हणाले. "कपाट माझं, परवाना माझा. मीच भरलं असं गार्डांना सांगतो."

आणि मी थांबले. हे लिहिताना आजही कान गरम होतात, पण मी थांबले. कोट घालून ते रस्त्याला लागले आणि मी दार लावून भांडी घासत बसले. तीच ती कढई मी दोनदा घासली. पंचाहत्तर वर्षांत ज्या माणसाकडे कुणी बोट दाखवलं नाही, तो माझ्या आगाऊपणाचा कबुलीजबाब द्यायला एकटा चालत गेला होता. कढई तशीच सोडून मी चपला सरकवल्या आणि पळत सुटले.

मी गार्डांच्या स्टेशनात पोचले तेव्हा आजोबा खिडकीपाशी उभे होते. एक हात दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवलेला. पलीकडचा सार्जंट लिहून घेत होता. मी मागे आले आहे ते दोघांनाही कळलं नाही.

"मीच भरलं ते पार्सल," आजोबा सांगत होते. "चुकून. शेजारणीनं फक्त पोस्टात नेलं."

सार्जंटने समोरचा कागद उचलला. "सकाळीच मेयोहून फोन आलाय. त्या बाईंनी पेटी उघडली, लाकूड बघितलं, पेटी मिटली आणि तशीच उचलून त्यांच्या गावच्या स्टेशनात नेऊन दिली." मग त्याने आजोबांकडे चष्म्यावरून बघितलं. "आत पिवळ्या रंगाचं काहीतरी कुरकुरीत होतं म्हणे. शेंगदाणे आणि कसलीतरी पानं घातलेलं. तेही तुम्हीच केलंत का?"

आजोबांनी थोडा विचार केला.

"हो," ते म्हणाले.

मला हसू आणि रडू एकदमच आलं. कढीपत्ता कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नाही, तो माझ्यासाठी चिवडासुद्धा अंगावर घ्यायला तयार होता! "चिवडा माझा आहे," मी पुढे होऊन म्हणाले. "आणि ते लाकूडही मीच भरलं. यांनी नाही."

सार्जंटने माझं सगळं लिहून घेतलं, इमिग्रेशन कार्डाचा नंबरसुद्धा. जाणूनबुजून झालेलं नाही असं लिहितो म्हणाला, पण लिहिणार हेही स्पष्ट सांगितलं. पुढचे तीन आठवडे माझी झोप उडाली होती. अखेर समज देऊन प्रकरण मिटलं आणि शिक्काही मिळाला. तो तुकडा मात्र आजोबांनी स्वतः मेयोला जाऊन, सही करून आणायचा होता. शनिवारी नवऱ्यानेच गाडी काढली. जाताना तो एक अक्षर बोलला नाही. येताना वाटेत थांबून त्याने आजोबांना चहा पाजला.

मला सर्वांत नवल वाटलं ते मेयोच्या त्या बाईंचं. आम्ही दोघांनी तोंड उघडायच्या आधी त्या स्टेशनात जाऊन बसल्या होत्या. लाकूड गुपचूप ठेवून घेतलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. आपल्याकडे कुणी बारीक विचारलं की आपण म्हणतो, 'एवढं काय त्यात!' इथे दोन टोकांना बसलेली, एकमेकांना कधी न पाहिलेली दोन माणसं त्या 'एवढ्याशा'लाच जिवापाड धरून होती. मी त्यांच्या मध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकत होते.

परवाना आला आणि त्या बाई आल्या. चाळिशीच्या, उन्हावाऱ्याने लाल झालेल्या, बुटांना चिखल. आजोबांनी तिन्ही खोल्यांतून तिन्ही भाग आणले आणि टेबलावर जोडले. मग बंदूक मध्यावरच्या बिजागरीत दुमडून उघडली, दोन्ही नळ्या डोळ्यापुढे धरल्या, रिकाम्या आहेत म्हणाले, आणि उघडीच बाईंच्या हातात दिली. बाईंनी समोर बघितलेलं असूनही नळ्या पुन्हा स्वतः डोळ्यापुढे धरल्या. मग आजोबा मला म्हणाले, "तूही बघ." मी बघितलं. दोन गोल, आणि त्यांत खिडकीबाहेरचं कुरण. कुणाचा कुणावर अविश्वास नव्हता, तरी प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं.

लगेच द्यायला आजोबा तयार नव्हते. त्यांनी चहा केला आणि विचारायला सुरुवात केली. घरात मुलं किती, कुठल्या खोलीत ठेवणार, किल्ली कोणाकडे, नवरा काय करतो, हिवाळा कसा जातो, झोप लागते का. मुलीचं स्थळ बघावं तशी ती चौकशी चालली होती. बाई एकेक उत्तर शांतपणे देत होत्या आणि आजोबा उत्तरांपेक्षा त्यांच्या चेहऱ्याकडेच जास्त बघत होते. तासाभराने त्यांनी मान हलवली. बाई बंदूक घेऊन गेल्या.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी म्हणाले, "आजोबा, खरं सांगा, त्या आवडल्या नसत्या तर परत पाठवलं असतंत? एवढ्या लांबून आलेल्या?"

"पाठवलं असतं."

मग फाटकाला टेकून, माझ्याकडे न बघता, ते बोलले. तरुणपणी त्यांच्या भावाची एक बंदूक त्यांनी विकली होती. तेव्हा बंदुका सर्रास बसमध्ये ठेवून द्यायचे, पलीकडच्या गावचा माणूस उतरवून घ्यायचा. कागद बरोबर होते, पैसे वेळेवर आले होते. त्या माणसाने आठवडाभरात ती स्वतःवरच चालवली.

"तुम्हाला कसं कळणार होतं?" मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"नसतंच कळलं कदाचित," आजोबा म्हणाले. "पण मी त्याचा चेहरा बघितलाच नाही गं. अंत्ययात्रेला गेलो, तेव्हा शवपेटीत पहिल्यांदा बघितला."