फ्रिजचं बटण
सडक्या मासळीचा वास आला की मला आमच्या लालबागच्या खोलीतला तो मे महिना आठवतो. ताई बाळाला घेऊन जेवायला येणार म्हणून आईने आदल्या दिवशीच कोळीवाड्यातून सुरमई आणली होती. वीज वाचवायला बाबांनी नेहमीसारखा रात्री फ्रिज बंद केला आणि सकाळी चालू करायला विसरले. दुपारी फ्रिज उघडताच घरभर घाण वास सुटला. "बंद फ्रिजपण गार राहतो गं," बाबा पुटपुटले. आईने नारळाचा कोयता उचलला आणि त्यांच्या हाताशेजारी टेबलावर हाणला. फळी चिरली, ताटं खणखणत खाली पडली. "परत त्या बटणाला हात लावलात तर हातच तोडीन!" टेबलावरची खाच अजून आहे, बाबा नाहीत. आता रोज रात्री फ्रिजचं बटण आईच बंद करते.