नळीवरचं नाव

रक्त घेणाऱ्या बाईला लोक घाबरतात. ती स्वतः कशाला घाबरत असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. सुईताईला तर अख्खं हॉस्पिटल ओळखायचं. तळमजल्यावर लॅबच्या दाराशी हात टेकायच्या दोन खुर्च्या, आणि दोन्हींच्या मध्ये ही. अकरा वर्षं. भोकाड पसरणारी पोरं, शिरा लपवून बसलेल्या म्हाताऱ्या, सुई बघून पांढरे पडणारे धिप्पाड बाप्ये, सगळ्यांना तिचं एकच वाक्य: "तिकडे भिंतीकडे बघा. झालंसुद्धा!" आणि खरंच झालेलं असायचं.

हीच बाई गेले तीन आठवडे रोज सकाळी धास्तावूनच उठत होती. बारावीला असताना वडिलांनी अंथरूण धरलं आणि डॉक्टर व्हायचं राहिलं ते राहिलंच. आता तेहतिसाव्या वर्षी, या परीक्षेला वयाची अट नाही असं कळल्यावर तिनं मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला होता. ठाऊक होतं फक्त घरात. घरात म्हणजे बहीण आणि बहिणीची सतरा वर्षांची पोरगी. तीही याच परीक्षेला बसलेली. एका टेबलावर दोघी समोरासमोर. मावशी भाचीला जीवशास्त्र समजावून सांगायची आणि फिजिक्स आलं की भाची मावशीची सालं काढायची.

"मावशे, उतारावरचा ठोकळा आहे तो, पेशंट नाही! गोंजारतेस काय त्याला? सूत्र लाव."

"लावते गं बाई. श्वास तर घेऊ दे."

"श्वासाला वेळ नाही. एका प्रश्नाला एक मिनिट. तू आधी सगळं सोडवत बसतेस आणि शेवटी गोल भरतेस. गोलच राहिले तर तुझी अक्कल वाचायला कोण येणारंय?"

पोरीचं चुकत नव्हतं. सुईताईची सवय लॅबची होती. आधी नाव विचारायचं, मग रक्त, आणि माणूस समोर असतानाच नळीवर नावाची चिठ्ठी. अगोदर चिठ्ठी लावून ठेवायची नाही म्हणजे नाही. उत्तरपत्रिकेचंही तिनं तसंच चालवलं होतं, शेवटी निवांत गोल भरायचे. तीन सराव परीक्षांमध्ये तीस-तीस गोल कोरे राहिले. मग तिनं स्वतःला घाईचं वळण लावायला घेतलं, आणि ते वळण घरातून लॅबमध्ये कधी शिरलं, तिचं तिलाही कळलं नाही. सकाळच्या गर्दीत ती चिठ्ठ्या आधीच चिकटवून नळ्या खुर्चीशेजारच्या ट्रेमध्ये मांडून ठेवू लागली. माणशी दीड मिनिट वाचायचं. सुई टोचता टोचता मनातल्या मनात हृदयाचे कप्पे म्हणून व्हायचे.

त्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा बाजूला सारला आणि सराव पेपर काढला. एकतिसावा प्रश्न अडला, तो सोडून ती सुसाट पुढे गेली. पन्नासाव्याचा गोल भरला आणि बघते तर तो एकोणपन्नासाव्या ओळीत! बत्तिसाव्यापासूनची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकलेली. एकोणीस उत्तरं, बहुतेक बरोबर, पण भलत्याच्या घरात बसलेली.

"वा गं शहाणे," ती स्वतःलाच म्हणाली आणि हसली. ते हसू ओठांवर तसंच राहिलं.

सकाळी डावीकडच्या खुर्चीत कंडक्टरकाका बसले होते. बसच्या नोकरीतून निवृत्त झालेले, दुसऱ्या दिवशी पोटाचं मोठं ऑपरेशन, रक्त तयार ठेवायचं म्हणून रक्तगट तपासायला आलेले. उजवीकडे बेकरीत काम करणारी बाई, तिचाही रक्तगट. बाई पिठाचे हात धुवायला बेसिनकडे गेली. तेवढ्यात काका म्हणाले, "ताई, ऊन डोळ्यांवर येतंय," आणि उठून उजवीकडे बसले. बाई आली, ती रिकाम्या डाव्या खुर्चीत टेकली. ट्रे मात्र जिथल्या तिथे.

नावं विचारली होती का? सुईताईनं डोळे मिटून आठवून बघितलं. आठवला तो हृदयाचा डावा कप्पा, उजवा कप्पा, मधली झडप.

खात्री तरी कुठे होती? कदाचित तिनं नळ्या बरोबर उचलल्याही असतील. कदाचित रक्त चढवण्याआधी तिकडे पुन्हा तपासतील आणि कळेल. कळेलच की! असं म्हणत ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. दोन वर्षांपूर्वी एका तंत्रज्ञाकडून रिपोर्टची अदलाबदल झाली होती. संध्याकाळी त्याचा ॲप्रन खुंटीवरून उतरला तो कायमचा. आणि हिला तर परीक्षेसाठी रजा मागायची होती. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. रिपोर्ट चारला वर जायचे. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं, आणि काकांच्या अंगात भलतंच रक्त गेलं तर? सराव पेपर हातात तसाच घेऊन ती मॅडमच्या केबिनमध्ये शिरली.

लॅब चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बोल."

"मॅडम, सकाळच्या दोन नळ्या... मी चिठ्ठ्या आधीच लावल्या होत्या. माणसांनी खुर्च्या बदलल्या. मी नाव विचारल्याचं मला आठवत नाही."

"कोणत्या दोन?"

तिनं सांगितलं. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोन उचलला, दोन्ही रिपोर्ट थांबवले आणि एवढंच म्हणाल्या, "दोघांचं पुन्हा घे. का घेतेयस तेही तूच सांग."

बेकरीवाली फोनवर उखडली. "भट्टीत माल आहे माझा, ताई! सकाळचं रक्त काय सांडलं का?" पण कारण ऐकल्यावर ती तशीच, डोक्याचा रुमाल न सोडता धावत आली.

कंडक्टरकाका वरच्या वॉर्डात भरती झालेले. सुई बघून त्यांनी हात चादरीखाली घेतला.

"सकाळी दिलं की!"

"माझी चूक झाली, काका. नळ्या बदलल्या असतील."

"तीस वर्षं तिकिटं फाडली मी," काका म्हणाले. "चुकीचं फाडलं तर माणूस दोन शिव्या घालायचा. इथे तर माणूसच जायचा की ओ!"

तिला मान वर करवेना. आपण आता रडणार, असं तिला वाटलं. रडलो तर शीर सापडायची नाही, या भीतीनं ती रडली नाही.

"नाव विचारा आधी," काका म्हणाले आणि त्यांनी हात बाहेर काढला.

तिनं विचारलं. त्यांनी वडिलांच्या नावासकट खणखणीत सांगितलं, शेजारच्या कॉटवरच्याला ऐकू जाईल असं. रक्त घेऊन झाल्यावर, त्यांच्यासमोरच, तिनं नळीवर ते लिहिलं.

पावणेचारला मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. सकाळचे दोन रक्तगट, दुपारचे दोन. सरळसरळ उलटे. ती स्टूलवर बसली.

मॅडमनी नोंदवही पुढे केली. तिनं लिहिलं, 'बहुधा माझ्याकडून नळ्यांची अदलाबदल झाली.'

"बहुधा खोड," मॅडम म्हणाल्या.

तिनं खोडलं, सही केली.

"आणि मघापासून हे गोलगोल काय घेऊन फिरतेयस?"

सुईताईनं ॲप्रनच्या खिशाकडे बघितलं; रक्त घेताना कोंबलेला सराव पेपर अर्धा बाहेर आला होता. कागद चुरगळून घामानं ओला झाला होता. "मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा सराव आहे, मॅडम."

"कुणाचा?"

"माझा."

मॅडमनी चष्मा काढला. त्या हसतील म्हणून ती अंग चोरून बसली. त्या हसल्या नाहीत.

"कधी आहे?"

"पंधरा दिवसांनी."

"उद्यापासून सुईला हात लावायचा नाहीस. रिपोर्टच्या खिडकीत बसायचं. ही नोंद सोमवारी वरच्या साहेबांकडे जाईल. ते तुला ठेवतील की काढतील, माझ्या हातात नाही."

"आणि रजा..." ती बोलून गेली आणि आपलीच जीभ चावली.

"अर्ज आजच दे. सोमवारनंतर माझ्या सहीला काय किंमत राहील, मला माहीत नाही."

सुईताईनं टेबलावरचा कोरा कागद ओढला. तारीख लिहिताना आकडा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लिहून होईपर्यंत मॅडम पेनाचं टोपण काढून थांबल्या होत्या.